आबांच्या रक्तात मिर-१२२ कमी, मिर-२१ जास्त, रिपोर्टवर ‘हाय रिस्क’. हे कितपत धरून चालायचं?

तासगावची लेक

नमस्कार. वर्षभर इथं नुसती वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, वय ६४. तासगावजवळ दीड एकर द्राक्षबाग आहे, ती अजून स्वतः बघतात. जूनमध्ये पोटात उजवीकडं जड वाटतंय म्हणून सोनोग्राफी केली. आम्हाला वाटलं पित्ताचे खडे असतील. निघाली लिव्हरमध्ये ४.६ सेंटिमीटरची गाठ. एएफपी (रक्तातलं एक प्रोटीन, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढतं) ६१२ आलं. त्याच वेळी कळलं की त्यांना हिपॅटायटिस बी आहे. घरात कुणालाच माहीत नव्हतं. दारूचा थेंब न घेतलेला माणूस.

जुलैमध्ये पुण्यात ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत असं सर्जननी सांगितलं. बायोप्सीच्या रिपोर्टात कॅन्सर ‘मध्यम प्रतीचा’ आणि ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये शिरकाव आढळला’ असं आहे. बी च्या विषाणूवरची टेनोफोविरची गोळी रोज चालू आहे. पाच आठवड्यांनी एएफपी ५.८. आम्ही त्या दिवशी पेढे आणले.

त्यानंतर एका लॅबच्या माणसाचा फोन आला. ‘नवीन जनुकीय टेस्ट आहे, कॅन्सर परत येणार का ते आधीच कळतं.’ २१,००० रुपये. आम्ही घाबरलेले होतो, दिले. दुपारी चारला घरी येऊन रक्त घेऊन गेले, कुरिअरनं दुसऱ्या शहरात दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलं. दहा दिवसांनी चार पानी रंगीत रिपोर्ट आला. पहिल्याच पानावर गाडीच्या मीटरसारखं चित्र आणि काटा लाल भागात. आत तक्ता (मिर म्हणजे मायक्रोआरएनए): मिर-२१ ३.८ पट, मिर-१२२ ०.४ पट, हल्क ‘आढळला’. खाली लिहिलंय की आजार लवकर उलटण्याचा धोका जास्त, पुढच्या उपचाराचा विचार करावा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘नमुना किंचित हिमोलाइज्ड, रेफरन्स मिर-१६’.

दादानं मोबाइलवर दाखवलं की या मायक्रोआरएनएला २०२४ चं नोबेल मिळालंय. म्हणजे खोटं तर नसणार ना?

आबांना इंग्रजी येत नाही, पण काटा कुठं आहे ते त्यांना कळलं. चार दिवस बागेत गेले नाहीत. काल रात्री जेवताना विचारलं, ‘ऑक्टोबरच्या छाटणीला माणसं सांगून ठेवू का नको?’ माझ्या घशाखाली घास उतरेना.

सर्जनची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तोवर या आकड्यांचं काय करायचं? टेस्ट परत करावी का?

पिपेट

ताई, मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं आरएनएच्या लॅबमध्ये काम करतोय, त्यातली चार लिव्हरच्या नमुन्यांवर गेली. त्यामुळं उपचारांबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण रक्ताच्या नळीपासून त्या तक्त्यातल्या आकड्यापर्यंतचा रस्ता मला पायाखालचा आहे, तेवढ्यावर बोलतो.

आधी दादाच्या प्रश्नाचं. नोबेल खरंच मिळालंय, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना. १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका जंतावर काम करताना त्यांना हे नियमन सापडलं. पेशीत जीनची नक्कल म्हणून आरएनए बनतो आणि त्यावरून प्रोटीन. पण पुष्कळ आरएनए असे असतात की त्यांच्यावरून प्रोटीन बनतच नाही, ते दुसऱ्या जीन्सवर लगाम ठेवतात. तेच नॉन-कोडिंग आरएनए. त्यातले मायक्रोआरएनए अगदी चिमुकले, २२ च्या आसपास अक्षरांचे. हल्कसारखे लांब जातीचे शेकडो अक्षरांचे. हे सगळं पक्कं विज्ञान आहे. पण नोबेल मिळालंय ते त्या शोधाला, आबांचं रक्त ज्या किटमधून गेलं तिला नव्हे.

आता मिर-१२२. हा लिव्हरचा स्वतःचा, खास. मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये जेवढा मायक्रोआरएनए असतो त्यातला सुमारे ७० टक्के हा एकटाच. २००५ मध्ये तर असं दिसलं की हिपॅटायटिस सी चा विषाणू वाढायला याचाच आधार घेतो. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये गाठीच्या पेशी आपलं लिव्हरपण विसरायला लागल्या की मिर-१२२ ढासळतो, आणि ज्यांच्या गाठीत तो ढासळलेला असतो त्यांचा आजार जास्त आक्रमक निघतो. तुमच्या रिपोर्टातलं ‘०.४ पट, धोका जास्त’ तिथूनच आलंय.

पण हे सगळं गाठीच्या तुकड्यात मोजलेलं. तुमच्याकडं मोजलंय रक्तात. आणि रक्तात मिर-१२२ येतो कुठून? लिव्हरच्या पेशी दुखावल्या, फुटल्या की आतला माल बाहेर सांडतो, तिथून. एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढतं तसाच हाही वाढतो, कधी कधी त्याच्याही आधी. म्हणजे रक्तात मिर-१२२ कमी असण्याचा साधा अर्थ असा निघू शकतो की लिव्हर आत्ता शांत आहे. आबांची गाठ काढलेली आहे, बी चा विषाणू टेनोफोविरनं दाबलेला आहे. एसजीपीटी तुम्ही लिहिलं नाही, पण ते नॉर्मल आलेलं असेल तर मला या ०.४ मध्ये घाबरण्यासारखं काहीच दिसत नाही. गाठीतला अर्थ उचलून रक्ताला चिकटवलाय. हे वाचून मला मनापासून राग आला, कारण ही चूक या विषयात पहिल्या सहा महिन्यांत सुधारून घेतली जाते.

दुसरं, ते बारीक अक्षर. ‘किंचित हिमोलाइज्ड’ म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. आमच्याकडं नमुना आला की सेंट्रिफ्यूजमधून काढून नळी पांढऱ्या कागदासमोर धरायची, ही पहिली सवय. चांगला प्लाझ्मा पेंढ्याच्या रंगाचा दिसतो. त्यात गुलाबीची नुसती झाक दिसली तरी पोटात गोळा येतो, कारण डोळ्याला झाक दिसेपर्यंत आत बराच बिघाड झालेला असतो. मग ४१४ नॅनोमीटरला हिमोग्लोबिन मोजायचं, शिवाय मिर-४५१ आणि मिर-२३ए यांच्यातला फरक बघायचा. फरक ७-८ सायकलच्या (पीसीआर मशीनमध्ये आरएनएची नक्कल दुप्पट करण्याची एक फेरी म्हणजे सायकल) वर गेला की तो नमुना बाजूला.

कारण तांबड्या पेशी ठासून भरलेल्या असतात मिर-४५१ आणि मिर-१६ नं. आणि तुमच्या लॅबनं मापाचा दगड म्हणून धरलाय तो मिर-१६! पीसीआरमध्ये एक सायकल म्हणजे दुप्पट. पेशी फुटून मिर-१६ नळीत दुप्पट-अडीचपट झाला की बाकीच्यांमध्ये काहीही न बदलता ते सगळे निम्म्याहून कमी दिसणार. ०.४ पट म्हणजे साधारण सव्वा सायकलचा फरक. तराजूतला दगडच जड झाला तर गूळ कमी भरणारच.

तुम्ही म्हणाल, मग मिर-२१ कसा वाढला, तोही कमी दिसायला हवा होता. बरोबर. पण मिर-२१ पांढऱ्या पेशींमध्ये आणि प्लेटलेट्समध्ये भरपूर असतो, आणि तुमचं रक्त दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नळीत पडून होतं. घरून नेलं म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवताच नेलं असणार. त्या वीस तासांत पेशी गळत राहतात. आम्ही दोन तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करून उणे ८० ला ठेवतो. शिवाय मिर-२१ हा लिव्हरचा खास नव्हे. सूज, जखम भरणं, फायब्रोसिस, इतर कितीतरी कॅन्सर, सगळीकडं तो वर जातो. पोटावर एवढी मोठी चीर पडून पाच-सहा आठवडे झालेल्या माणसात तो वर आहे यात मला नवल वाटत नाही. ३.८ पट कुणाच्या तुलनेत, हे रिपोर्टात कुठं लिहिलंय का बघा. निरोगी तरुणांच्या? की ऑपरेशन झालेल्या, बी असलेल्या साठीतल्या लोकांच्या?

हल्क २००७ मध्ये ऑस्ट्रियात ग्राझला सापडला, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये खूप वाढतो म्हणून त्याचं नावच तसं पडलं (‘हायली अपरेग्युलेटेड इन लिव्हर कॅन्सर’), आणि तो रक्तात सापडतो हेही तेव्हाच दाखवलं गेलं. पण नुसतं ‘आढळला’ लिहून काय कळणार? किती, आणि कितीच्या वर गेला की वाईट, हे नको?

टेस्ट परत करू नका. ते पैसे पुढच्या स्कॅनला ठेवा.

नाशिक बायोटेक

पिपेट, नमुन्याबद्दल पूर्ण सहमत. पण वाचणाऱ्याचा असा ग्रह होईल की हे सगळं प्रकरणच पोकळ आहे, आणि ते बरोबर नाही. २००९ चा मिर-२६ चा अभ्यास बघा. ऑपरेशन झालेले ४५५ रुग्ण, गाठ आणि शेजारचं लिव्हर दोन्ही तपासलेलं. ज्यांच्या गाठीत मिर-२६ कमी ते कमी जगले. मॅलॅट-१ आणि हॉटेअर या लांब जातीच्या आरएनएंचंही तसंच, लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर आजार उलटण्याशी त्यांचा संबंध २०११-१२ मध्ये दाखवला गेला. संशोधन दमदार आहे.

पिपेट

मिर-२६ चा पेपर मला फार आवडतो, म्हणून त्याचा दुसरा अर्धा भागही सांगतो. मिर-२६ कमी असलेले लोक एकूण कमी जगले, पण इंटरफेरॉन हे औषध दिल्यावर जास्त फायदा त्यांनाच झाला. म्हणजे एकाच मापातून दोन वेगळ्या गोष्टी कळल्या: आजार कसा वागेल, आणि औषध कुणाला लागू पडेल. दुसरी गोष्ट कळली तरच रुग्णाच्या हातात काही पडतं. ताईंच्या रिपोर्टात फक्त पहिली आहे, तीही चुकीच्या जागी मोजलेली.

आणि मॅलॅट-१, हॉटेअर हेही गाठीतच मोजलेले, मोजक्या रुग्णांमध्ये. त्यानंतर जे पीक आलं ते मी जवळून बघितलंय. कॅन्सरच्या गाठींची जनुकीय माहिती गोळा करणाऱ्या अमेरिकेच्या टीसीजीए प्रकल्पातल्या त्याच साधारण ३७० गाठींची माहिती सगळ्यांना खुली आहे. तीच पुन्हा पुन्हा चाळून कुणी पाच आरएनएंचा संच काढतो, कुणी सातांचा, कुणी नऊचा. प्रत्येकाचा आलेख सुंदर, जास्त आणि कमी धोक्याच्या रुग्णांच्या दोन रेघा छान फाकलेल्या. पण एकाचा संच दुसऱ्याशी जुळत नाही. आम्ही आमच्या नमुन्यांवर त्यातले दोन लावून बघितले होते, रेघा एकमेकींत गुंतून पडल्या. वाईट वाटलं, कारण वर्ष गेलं होतं त्यात. या विषयावर माझं प्रेम आहे, दुसरं काही करावंसं वाटत नाही. म्हणूनच तो अर्धकच्चा असताना एखाद्या शेतकऱ्याला २१,००० ला विकला जातो तेव्हा सहन होत नाही.

निशिगंध

ताई, ते दोघं शास्त्रातलं बोलतायत, मी घरातलं विचारते. तुमची, दादाची, आईची हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली का? तुम्ही कुठंच लिहिलं नाही म्हणून विचारतेय.

माझ्या मिस्टरांचं २०१९ मध्ये असंच निघालं. आम्ही सहा महिने फक्त त्यांच्या स्कॅनमागं धावत होतो, आमची तपासणी करा असं कुणी बोललं नाही, एका नर्सबाईंनी जाता जाता सांगितलं. बी बऱ्याचदा जन्माच्या वेळी आईकडून येतो आणि चाळीस-पन्नास वर्षं गप्प बसतो. म्हणजे आबांचे भाऊ-बहीण आधी बघा. एचबीएसएजीची साधी टेस्ट, थोडक्या पैशात होते, तुमच्या गावाजवळ होईल. निगेटिव्ह आलेल्यांनी लस घ्यायची, तीन डोस: पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. जेवणातून, ताटवाटीतून पसरत नाही, आबांचं ताट वेगळं करू नका. आमच्याकडं सासूबाईंनी केलं होतं, मिस्टरांना ते कॅन्सरपेक्षा जास्त लागलं.

आणि तो रंगीत कागद त्यांच्या नजरेसमोरून हलवा.

पोटाचा सर्जन

मी या शस्त्रक्रिया करतो. आबा माझे रुग्ण नाहीत, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

तुमच्या हातात खरं प्रॉग्नोस्टिक माहितीचं, म्हणजे आजार पुढं कसा वागेल ते सांगणारं पान आधीच आहे: बायोप्सीचा रिपोर्ट. आकार, गाठींची संख्या, कडा आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला शिरकाव. हा शिरकाव आहे म्हणजे पहिल्या दोन वर्षांत जास्त डोळ्यांत तेल घालून बघायचं. हे तुमच्यापासून लपवणार नाही. ऑपरेशननंतर पाच वर्षांत साधारण ७० टक्क्यांपर्यंत लोकांमध्ये आजार पुन्हा दिसतो. पण त्यातही दोन जाती. दोन वर्षांच्या आतला बहुधा जुन्याच गाठीचा उरलेला अंश. त्यानंतरचा पुष्कळदा आजारी लिव्हरमध्ये उगवलेली नवी गाठ. ती लहान असताना सापडली तर पुन्हा ऑपरेशन, गाठ जाळणं किंवा ट्रान्सप्लांट असे मार्ग असतात. म्हणून तीन-चार महिन्यांनी ट्रायफेजिक (तीन टप्प्यांत काढलेला) सीटी स्कॅन किंवा एमआरआय, सोबत एएफपी. आबांचं एएफपी ६१२ वरून ५.८ वर आलंय म्हणजे त्यांच्या गाठीचा हा माग काढणारा कुत्रा चांगला हुंगतो. प्रत्येकाच्या नशिबी ते नसतं, कित्येकांच्या गाठी एएफपी बनवतच नाहीत. मला त्या तीन आरएनएंपेक्षा हा एक जुना आकडा जास्त उपयोगी आहे.

‘पुढच्या उपचारा’बद्दल: अशाच जास्त धोक्याच्या रुग्णांना ऑपरेशननंतर ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही दोन औषधं देऊन बघितली होती. २०२३ मध्ये आशा वाटली, २०२४ मध्ये पुढचा हिशेब आला तेव्हा तो फायदा टिकला नव्हता. त्यामुळं रिपोर्ट खरा धरला तरी आज त्यावरून मी वेगळं औषध सुरू करणार नाही. टेनोफोविर मात्र एक दिवसही चुकवू नका. बी दाबलेला राहिला तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे नक्की.

छाटणीबद्दल विचारलंत. चीर भरली असेल, हर्निया नसेल, तर बागेत जायला माझी हरकत नसते. वजन उचलणं आणि पाठीवरचा पंप तेवढा कुणाला तरी द्या.

तासगावची लेक

उत्तर द्यायला बारा दिवस लागले, माफ करा. सगळ्यांचं परत परत वाचलं.

पिपेट दादा, एसजीपीटी २८ होतं, त्याच आठवड्यातलं. आणि ‘कुणाच्या तुलनेत’ ते चारही पानांत कुठं नाही. लॅबला फोन करून विचारलं, समोरच्या मुलीला प्रश्नच कळला नाही, ‘सिनियर कॉल करतील’ म्हणाली. आला नाही अजून.

सर्जनकडं तारीख आधी मागून घेतली. त्यांनी रंगीत पानं चाळून बाजूला ठेवली आणि बायोप्सीचा रिपोर्ट काढून आबांना मराठीत समजावला, पेनानं लिव्हरचं चित्र काढून. शिरकाव म्हणजे काय तेही सांगितलं. मला वाटलं आबा खचतील. ते म्हणाले, ‘म्हणजे मुळी कुठवर गेल्यात ते बघत राहायचं.’ पहिला स्कॅन २९ ऑक्टोबरला.

निशिगंध ताई, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे सांगलीला गेलो. मी, दादा, आई निगेटिव्ह, लसीचा पहिला डोस झाला. दोन्ही काका निगेटिव्ह. कवठेमहांकाळची धाकटी आत्या पॉझिटिव्ह आली. ५५ वर्षांची, काहीच त्रास नाही, रोज चार म्हशींचं करते. मी फोनवर सांगितलं तर आधी गप्पच झाली, मग म्हणाली, ‘दूध घालून येते, मग बोलू.’ आईनं तिला तिथंच सांगितलं की ताट कुणी वेगळं करणार नाही. सोमवारी तिची सोनोग्राफी आणि विषाणूची मोजणी आहे, मी रजा टाकलीय.

आबांनी छाटणीला सहा माणसं सांगितलीत. पंप दादा मारणार.